गोधड्यांची साइट तयार आहे, पण 'विकत घ्या' बटणामागे काय लावू?

गोधडीकार_भोर

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही बायका मिळून गोधड्या शिवतो. बाळाची दुपटी, सिंगल, डबल, आणि हल्ली सगळ्यात जास्त मागणी असलेला प्रकार म्हणजे आईच्या किंवा आजीच्या जुन्या साड्या पाठवून त्यांचीच गोधडी करून घेणं. आजवरची विक्री सगळी व्हॉट्सॲपवर झाली. ग्रुपवर फोटो टाकायचा, कोणी "ही माझी" म्हणालं की क्यूआर पाठवायचा, पैसे आले की वहीत नाव लिहायचं. पण आता फोटोखाली तिघी-तिघी एकदम "ही माझी" म्हणतात, कोणाचे पैसे कशासाठी आले ते वहीत जुळत नाही, आणि दिवसभर फोन हातात धरून बसलं की टाका घालायला हात मोकळा राहत नाही.

भाच्याने वर्डप्रेसवर साइट करून दिली आहे. फोटो सुंदर आलेत. पण पैसे घ्यायची सोय अजून नाही. मला हे समजून घ्यायचंय: गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी सेवा) घ्यावा की नुसता क्यूआर पुरे? घेतला तर कागदपत्रं काय लागतात? जीएसटीशिवाय कर्नाटकात, दिल्लीत माल पाठवता येतो का? कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू का? आणि साड्या पाठवणाऱ्यांकडून आगाऊ किती घ्यावेत?

मोठ्या ऑनलाइन बाजारांवर टाका असं कृपया सुचवू नका. आमची एक गोधडी दुसरीसारखी नसते. तिथल्या यादीत "एकच नग, पुन्हा मिळणार नाही" हे बसत नाही, आणि भावाच्या ओढाताणीत आधी मजुरी कापली जाते. ती मला कापायची नाही.

दोरा_सुई

आधी फोटो टाका ताई! डबलचा भाव काय आहे?

गोधडीकार_भोर

दुपटं ९०० पासून, सिंगल १,८००, डबल २,८०० च्या आसपास. टाके किती दाट आहेत त्यावर बदलतो. फोटो संध्याकाळी टाकते.

येवलेकर

ताई, मी पैठणी विकतो, स्वतःच्या साइटवरून. माझं मत स्पष्ट सांगतो: साइटला गेटवे जोडायच्या आधी महिना-दोन महिने नुसत्या पेमेंट लिंकवर धंदा करून बघा. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, इन्स्टामोजो, सगळ्यांकडे ही सोय आहे. खातं उघडायचं, रक्कम आणि वस्तूचं नाव टाकून लिंक बनवायची, व्हॉट्सॲपवर पाठवायची. गिऱ्हाईक यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग जे हवं त्याने भरतं आणि पैसे कोणत्या गोधडीचे हे तिथेच नोंदलं जातं. तुमचा वहीचा घोळ एवढ्याने निम्मा मिटेल. साइटवरही सुरुवातीला बटणामागे तीच लिंक लावता येते.

आता खर्च. बँकेच्या साध्या व्यापारी क्यूआरवर बचत खात्यातून किंवा चालू खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर तुम्हाला काही द्यावं लागत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं व्यापारी शुल्क शून्य आहे. गेटवे मात्र आपल्या सेवेचे पैसे घेतो. क्रेडिट कार्डाला साधारण २ टक्के धरून चाला, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. २,८०० च्या गोधडीवर शुल्क ५६ रुपये, त्यावर कर १० रुपये ८ पैसे, म्हणजे हातात २,७३३ रुपये ९२ पैसे. यूपीआयवरही काही कंपन्या प्लॅटफॉर्म शुल्क लावतात, काही लावत नाहीत. दरपत्रकात यूपीआयची ओळ वेगळी शोधून वाचा, कारण तुमचं बहुतेक गिऱ्हाईक त्यानेच भरणार आहे.

पैसे लगेच खात्यात येत नाहीत. कामाचे दोन दिवस धरा. शुक्रवारी विकलेल्याचे मंगळवारी. दोऱ्याच्या, कापडाच्या व्यापाऱ्याला शनिवारी रोख द्यायची सवय असेल तर हे अंतर आधीच हिशेबात घ्या.

आणि एक. गिऱ्हाइकाला पैसे परत केले तर घेतलेलं शुल्क गेटवे सहसा परत देत नाही. म्हणून बटण लावण्याआधी परतीचे नियम ठरवा.

सुगरण_चिपळूण

येवलेकरांना पूर्ण अनुमोदन. मी आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ विकते. कागदपत्रांचं मी सांगते.

पॅन, आधार, खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पान, आणि धंद्याचा पुरावा. पुरावा म्हणून उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, चालते. ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. शोधल्यावर वरच्यावर दिसणाऱ्या कितीतरी साइट दीड-दोन हजार मागतात, त्या सरकारी नाहीत, तिथे आधार क्रमांक टाकू नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, तोही चालतो. कामगार मोजकेच असले तर महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने नुसती सूचना द्यायची असते, तिची पावती मिळते.

पण माझा अर्ज अडकला तो कागदांवर नाही. साइटवर पानंच नव्हती असं कळवलं. गेटवेवाले साइट उघडून बघतात: अटी, गोपनीयता, परतावा आणि रद्द करण्याचे नियम, माल किती दिवसांत पोचेल, आणि संपर्काच्या पानावर खरा पत्ता व फोन. वस्तूंचे भावही दिसले पाहिजेत. ही पानं दुसऱ्या साइटवरून उचलून डकवू नका. माझ्या ओळखीच्या एकीच्या साइटवर "आमचे मुख्यालय गुरुग्राम" असंच राहिलं होतं. तुमचं एक वाक्य, तुमच्या शब्दांत, मराठीत आणि खाली इंग्रजीत, पुरे होतं.

खात्यावरचं नाव आणि साइटवरचं नाव जुळतंय ना, तेही बघा. साइट "अमुक गोधडी" आणि खातं तुमच्या नावाचं, तर "अमुक गोधडी, मालक तमुक" असं साइटच्या तळाशी लिहा.

गोधडीकार_भोर

हे फार उपयोगी आहे. खात्याचं विचारते: आमचा बचत गट आहे, गटाचं बँकेत खातं आहे. पण गोधड्या शिवणाऱ्या सगळ्या गटात नाहीत, आणि गटातल्या सगळ्या शिवत नाहीत. पैसे गटाच्या खात्यात घेऊ की माझ्या?

खतावणी

मी लेखापालाचं काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. याच प्रश्नापाशी जरा थांबा, बाकी सगळं यावर उभं राहील.

ज्याच्या खात्यात पैसे येतात, कराच्या दृष्टीने विक्री त्याची. तुमच्या नावाची एकल मालकी केली तर सगळी उलाढाल तुमच्या पॅनवर दिसेल. मग शिवणाऱ्या प्रत्येकीला दिलेली मजुरी हा तुमचा खर्च, आणि त्याची नोंद हवी: कोणाला, किती, कोणत्या गोधडीचे, शक्यतो खात्यातून खात्यात. गटाच्या खात्यात घ्यायचे तर गटाचा ठराव, गटाचं पॅन, आणि जी गटात नाही तिचा हिशेब वेगळा. गेटवेचा अर्ज पहिल्याच पानावर विचारतो की धंदा कोणत्या प्रकारचा आहे, आणि सगळे गट त्या यादीत सहज बसत नाहीत. तुमच्या वर्णनावरून मी एकल मालकी आणि वेगळं चालू खातं सुचवेन, आणि मजुरीची वही सगळ्यांना उघडी. ही वही उघडी असणं कायद्याने लागत नाही. पण पैसा एकीच्या नावावर आणि कष्ट सगळ्यांचे असले की ती लागते.

घाबरवत नाही, पण माहीत असू द्या: जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून कितीतरी छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बऱ्याच दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. रोखीकडे पळणं हा उपाय नव्हे. घरखर्च, भिशी, नातेवाइकांचे पैसे आणि धंदा एकाच खात्यात असले की कोणता आकडा कशाचा ते सांगता येत नाही. वेगळं खातं एवढ्यासाठीच. शिवाय अनुमानित पद्धतीने आयकर भरलात तर बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के. म्हणजे डिजिटल पैसा तुमच्या बाजूचाच आहे.

आता जीएसटी. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा असेल तर २० लाख. सगळे एवढं ऐकून थांबतात. पण माल राज्याबाहेर गेला की ही मर्यादा कामाची नाही, पहिल्या नगापासून नोंदणी लागते. यातून ठराविक हस्तकला वस्तूंना सूट आहे: वस्तू मुख्यतः हाताने केलेली आणि अधिसूचनेच्या यादीत असली पाहिजे, उलाढाल २० लाखांच्या आत हवी, पॅन हवं, आणि मालाबरोबर ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन सरकारी नोंद) हवं, किंमत कितीही कमी असो. एरवीची ५० हजारांची मर्यादा इथे नाही. तुमची गोधडी यादीतल्या कोणत्या शीर्षकात बसते हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या, तोंडी नको.

गोधडीकार_भोर

आणि साड्या गिऱ्हाइकाच्याच असतात तेव्हा? आमचा फक्त दोरा, अस्तर आणि मजुरी. साडी मी विकतच नाही.

खतावणी

फार महत्त्वाचं विचारलंत. दुसऱ्याच्या मालावर काम करून देणं ही कायद्याने सेवा धरली जाते, विक्री नव्हे. आणि सेवा परराज्यातल्या माणसाला दिली तरी २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे बंगळुरूहून कोणी आईच्या साड्या पाठवल्या आणि तुम्ही शिवून परत पाठवल्या, तर ते प्रकरण तयार गोधडी बंगळुरूला विकण्यापेक्षा वेगळं आहे. साइटवर आणि बिलावर हे दोन प्रकार वेगळे ठेवा. एकाचं नाव "तयार गोधडी", दुसऱ्याचं "तुमच्या साड्यांची शिलाई". मात्र उलाढाल मोजताना दोन्हींची बेरीज होते, आणि दोन्ही करणाऱ्याला २० लाखांचीच मर्यादा धरून चालणं सुरक्षित.

पुढे नोंदणी केलीत तर भाव ठरवताना सांभाळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रजई-गोधडीच्या वर्गात २,५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्यावर १८ टक्के कर आहे. हे २,५०० कराआधीचे. कर धरून २,६२५ ला विकलेली डबल गोधडी ५ टक्क्यांत बसते, २,८०० ची बसत नाही. कंपोझिशन योजनेच्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठी कमी, ठराविक दराचा जीएसटी) मोहात पडू नका, त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही.

दोरा_सुई

बाप रे. एवढं असतं? पण समजेल असं लिहिलंत, धन्यवाद. धागा जपून ठेवला आहे.

पार्सलवाला_कऱ्हाड

माझी कुरियरची फ्रँचायझी आहे. कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल लिहितो, कारण इथे बहुतेक जण ते नको म्हणतील आणि मला ते पूर्ण पटत नाही. नवीन साइटवर, न पाहिलेल्या बाईकडून, २,८०० रुपये आधी भरून गोधडी मागवायला छोट्या गावातलं गिऱ्हाईक कचरतं. त्याला दारात पैसे द्यायचे असतात. ते बंद ठेवलंत तर तो वर्ग तुमच्याकडे येणारच नाही.

येवलेकर

दादा, मान्य, पण परत आलेल्या पार्सलचं भाडं कोण भरतं? जायचं आणि यायचंही विकणाराच भरतो. माणूस फोन उचलत नाही, दार बंद असतं, "मी मागवलंच नाही" म्हणतो. माझ्या धंद्यात एक परत आलेली साडी घडीवर पुन्हा इस्त्री करून विकता येते. ताईंची गोधडी एकदा दमट गोदामात आठवडाभर पडली की तिचा वास जात नाही.

पार्सलवाला_कऱ्हाड

मग मधला मार्ग घ्या. २०० रुपये आधी ऑनलाइन, बाकीचे दारात. ज्याने २०० भरले तो माणूस पार्सल घेतो, हे मी रोज काउंटरवर बघतो. आणि साड्यांच्या शिलाईला कॅश ऑन डिलिव्हरी मुळीच नको. ती गोधडी दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो, वजनाकडे. कुरियरवाले दोन वजनं काढतात: काट्यावरचं, आणि आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. जे जास्त भरेल त्याचे पैसे. अडीच किलोची डबल गोधडी ४५ बाय ३५ बाय २० च्या खोक्यात घातलीत तर ६ किलो ३०० ग्रॅमचं भाडं लागेल. तीच गोधडी घट्ट गुंडाळून, हवा दाबून काढून, ४० बाय ३० बाय १२ च्या पिशवीत बसवली तर २ किलो ८८० ग्रॅम. निम्म्याहून कमी! खोकं लागतच नाही गोधडीला, ती फुटणार आहे थोडीच. आत प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड चिकटपट्टीने पूर्ण बंद, बाहेर जाड कुरियर पिशवी. जून ते सप्टेंबर तर आत दोन पिशव्या. पार्सल बंद केल्यावर मोजपट्टी लावून लांबी-रुंदीचा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. नंतर "तुमचं वजन जास्त भरलं" म्हणून जादा पैसे कापले गेले तर तोच पुरावा.

आडगावांना स्पीड पोस्ट बघा. खासगी कुरियर जिथे "सेवा उपलब्ध नाही" म्हणतं तिथे पोस्टमन जातो. भारतीय डाकेने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन केलंय, तेव्हा काउंटरवर रजिस्टर मागू नका, स्पीड पोस्टलाच नोंदणीची सोय विचारा.

सर्व्हरपाशी

तांत्रिक बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. भाचा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी.

वर्डप्रेस आहे तर वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवायची जोडणी) घ्या, फुकट आहे. त्यावर गेटवे कंपनीचं अधिकृत प्लगइन. कार्डाचा नंबर तुमच्या पानावर घेऊ नका, गिऱ्हाईक गेटवेच्याच पानावर किंवा खिडकीत जाऊन भरेल अशीच रचना ठेवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा "पुढच्या वेळेसाठी" म्हणून वहीतही लिहून घेऊ नका.

मग चाचणी. प्रत्येक गेटवेला टेस्ट आणि लाइव्ह अशा दोन चाव्या (साइट गेटवेला जोडणारे गुप्त संकेत) असतात. टेस्टवर सगळं हिरवं दिसलं म्हणून काम झालं असं धरू नका. लाइव्ह चावी घालून स्वतः दहा रुपयांची वस्तू बनवून ती विकत घ्या. मोबाइलवरून, यूपीआयने. आणि मुद्दाम असं करा: पैसे भरल्यावर यूपीआयच्या ॲपमधून साइटवर परत जाऊच नका, तिथूनच फोन बंद करा. आपल्याकडे निम्मी माणसं हेच करतात. पैसे कापल्याचा आवाज आला की त्यांच्या लेखी व्यवहार संपला.

आता साइटकडे बघा. ऑर्डर "पेमेंट बाकी" दाखवतेय? म्हणजे वेबहूक लागलेला नाही. वेबहूक म्हणजे गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो की पैसे आले, गिऱ्हाईक पानावर परत येवो न येवो. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये तुमच्या साइटचा पत्ता आणि गुप्त चावी टाकावी लागते. बरेच जण ही पायरी सोडतात, कारण तिच्याशिवायही दहातल्या सात ऑर्डरी नीट चालल्यासारख्या वाटतात.

तुमच्या धंद्यात याहून नाजूक गोष्ट आहे. प्रत्येक गोधडी एकच. वूकॉमर्समध्ये साठा १ लिहा, आणि "साठा किती मिनिटं राखून ठेवायचा" ही सेटिंग बघा. ती मुळात ६० मिनिटांवर असते. तेवढ्यात पैसे आल्याची खबर साइटला मिळाली नाही तर ऑर्डर आपोआप रद्द होते आणि गोधडी पुन्हा विक्रीला लागते. वेबहूक नसेल तर काय होईल ते बघा: एकीने पैसे भरले, साइटला कळलं नाही, तासाने तीच गोधडी दुसरीने घेतली. व्हॉट्सॲपवरच्या तुमच्या तिघी "ही माझी" म्हणणाऱ्या इथेही भेटतील, आणि आता दोघींनी पैसे भरलेले असतील.

गेटवेत "ऑटो कॅप्चर" सुरू आहे ना, हेही बघा. ते बंद असेल तर पैसे मंजूर होऊन मधेच थांबतात आणि काही दिवसांनी गिऱ्हाइकाला परत जातात.

माई_न्यूजर्सी

भोरची गोधडी! माझं माहेर सासवड. मला साड्यांची गोधडी हवी आहे, पण साड्या आईकडेच आहेत आणि गोधडीही आधी आईकडेच जाऊ दे, मी दिवाळीत आले की घेऊन येईन. पैसे इथून कसे देऊ?

येवलेकर

माई, तुमचं एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) असेल तर सोपं आहे. २०२३ पासून अमेरिकेसह काही देशांतल्या मोबाइल नंबरवर अशा खात्यांचं यूपीआय चालू करता येतं, बँकेला विचारा. ते नसेल तर भारतातल्या नातेवाइकाला लिंक पाठवा.

ताई, गेटवेवर परदेशी कार्ड घ्यायचं असेल तर वेगळी परवानगी लागते आणि शुल्कही जास्त. आणि पार्सल परदेशी पाठवायचं तर आयातनिर्यात कोड हवा, त्याची फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. पोस्टात डाकघर निर्यात केंद्रं आहेत, छोट्या निर्यातदारासाठी चांगली सोय. अमेरिकेचं मात्र जपून. ८०० डॉलरपर्यंतची करमाफी तिथे २९ ऑगस्ट २०२५ पासून संपली. त्या गडबडीत आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. आता ड्यूटी धरून भाव सांगावा लागतो. पहिल्या वर्षी फक्त भारतातल्या पत्त्यावर पाठवा, माझा सल्ला.

गोधडीकार_भोर

सगळ्यांचं ऐकून केलं ते सांगते. चालू खातं माझ्या नावाच्या मालकीत उघडलं, उद्यम फुकट झाली. पहिले काही आठवडे नुसत्या लिंकवर चाललो, मग भाच्याने वूकॉमर्स आणि वेबहूक दोन्ही लावलं. सीएला भेटले, त्या यादी आणि शीर्षक बघून लेखी देते म्हणाल्यात, तोवर तयार गोधड्या फक्त महाराष्ट्रात आणि शिलाई सगळीकडे. मजुरीची वही भिंतीवर टांगली आहे, ज्या गोधडीचे पैसे आले तिच्यासमोर शिवणारीचं नाव आणि रक्कम.

एक अडचण आली. नाशिकच्या एका ताईंचे १,८०० कापले गेले, आमच्याकडे काहीच दिसत नव्हतं, गेटवेच्या डॅशबोर्डवरही "अयशस्वी". त्या साहजिकच घाबरल्या. काय उत्तर द्यावं?

सर्व्हरपाशी

तुमच्या डॅशबोर्डवर अयशस्वी असेल तर पैसे तुमच्याकडे आलेलेच नाहीत, बँकांच्या मधे अडकलेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला पोच न मिळालेला यूपीआय व्यवहार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत झाला पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते. त्यांना व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक जपून ठेवायला आणि त्यांच्या ॲपमधूनच तक्रार टाकायला सांगा. तुम्ही स्वतःच्या खिशातून परत करू नका, नाहीतर दोनदा जातील. पण त्यांची गोधडी तेवढे दिवस बाजूला काढून ठेवा आणि तसं त्यांना कळवा.

गोधडीकार_भोर

तसंच केलं. पैसे चौथ्या दिवशी त्यांच्याकडे परत गेले, त्यांनी पुन्हा भरले. बाजूला काढलेल्या गोधडीचा त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेला फोटो पाठवला होता, त्यावर त्या निवांत झाल्या.

सुगरण_चिपळूण

छान केलंत. एक सावधगिरी राहिली. साइटवर फोन नंबर दिसायला लागला की फसवे फोन येतात. "मी लष्करात आहे, कॅम्पसाठी वीस गोधड्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. हे शिवणाऱ्या सगळ्याजणींना सांगा, कारण फोन कोणीही उचलतं. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप आहेत. खात्यात किंवा डॅशबोर्डवर दिसल्याशिवाय माल हलवायचा नाही.

गोधडीकार_भोर

आज साइटवर टाकायचे नियम लिहिले. बघून सांगा:

"तुमच्या साड्यांची शिलाई: साड्या पोचल्यावर आम्ही त्या मोजून, फोटो काढून कळवतो. निम्मी रक्कम तेव्हा, निम्मी गोधडी तयार झाल्याचा फोटो पाहिल्यावर. विरलेली साडी वरच्या थराला चालत नाही, ती आत घालतो आणि आधी विचारतो. कापायला सुरुवात झाल्यावर ऑर्डर रद्द होत नाही. तयार होण्यास पाच ते सहा आठवडे, भातलावणीच्या दिवसांत आठ.

तयार गोधडी: २०० रुपये ऑनलाइन भरून बाकी दारात देता येतात. विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही."

खतावणी

सगळं चांगलं आहे, भातलावणीचं लिहिलंत ते तर फार आवडलं. फक्त शेवटचं वाक्य काढा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला तर परत घ्यायला नकार देता येत नाही. "रंग आवडला नाही" याला तुम्ही नाही म्हणू शकता, शिवण उसवलेली निघाली तर नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि फोनही लिहा. ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. तयार गोधडीच्या पानावर लांबी-रुंदी, सर्व करांसह कमाल किंमत आणि "भारतात बनवलेले" हेही हवं.

गोधडीकार_भोर

बदललं: "शिवण उसवलेली असेल, माप चुकलेलं असेल, किंवा फोटोपेक्षा वेगळी गोधडी आली असेल तर सात दिवसांत फोटोसह कळवा. दुरुस्त करून देऊ किंवा पूर्ण पैसे परत करू, दोन्हीकडचं भाडं आमचं." तक्रारीसाठी माझंच नाव टाकलं.

माई, तुमच्या आईंना फोन केला होता. पार्सलवाल्या दादांनी सांगितलं तशी पिशवी पाठवते आहे, साड्या तिच्यातच बांधून द्यायला सांगा. इरकल असेल तर वेगळी चिठ्ठी लावा, तिचा काठ आम्ही कापत नाही.